पाण्यात हायड्रोजन दोनच कशावरून?

पाण्याचे सूत्र ‘एच-टू-ओ’, हे शाळकरी मुले घडाघडा सांगतात. दोनच कशावरून, असे विचारले की वर्ग गप्प. डाल्टनने १८०८ मध्ये पाण्यात दोन्हींचा एकेकच अणू धरला होता. मग विद्युत अपघटनात हायड्रोजन वायू ऑक्सिजनच्या दुप्पट का भरतो? ‘त्याचे कण जास्त जागा घेत असतील,’ असे एखादी मुलगी म्हणाली, तर शिक्षकांनी तिला चूक ठरवण्याची घाई करू नये. डाल्टनही वेगवेगळ्या वायूंचे कण लहानमोठे मानत असे. तापमान आणि दाब तोच असेल, तर सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूही सारखेच, हे ॲव्होगाड्रोने १८११ मध्ये मांडले. ते रसायनशास्त्रज्ञांच्या गळी उतरायला १८६० ची कार्ल्सरूहे परिषद उजाडावी लागली. विद्वानांना अर्धशतक लागले, तिथे मुलांना वादासाठी निदान दोन तासिका द्याव्यात. सूत्र फळ्यावर त्यानंतर लिहावे.