वाळवंटी ओढ्यातील मत्स्यगणना

माणसांची जनगणना होते, गुराढोरांची पशुगणना होते. परंतु गुडघाभर पाण्यातील बोटाएवढ्या माशांची गणती वर्षानुवर्षे कोणी करीत असेल, हे ऐकून प्रथम थोडे हसूच येते. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याच्या आग्नेय भागात असा एक ओढा आहे. अरावाइपा हे त्याचे नाव. मधूनमधून खंड पडले असले तरी १९६३ पासून तेथील मासे मोजले जात आहेत. या नोंदी नसत्या, तर त्या ओढ्याच्या रक्षणासाठी पुढे जे उपाय योजण्यात आले, ते योजावयास हवेत हेच कदाचित कोणाच्या ध्यानी आले नसते.

अरावाइपाचा प्रदेश सोनोरा वाळवंटाच्या कडेचा. उतारांवर पुरुषभर उंचीहून कितीतरी उंच वाढणारे निवडुंग, आणि त्यांच्या खाली सुमारे तीनशे मीटर खोल दरी. या दरीत मात्र बारमाही पाणी वाहते. हिवाळ्यात एकदा आणि जुलै ते सप्टेंबर या काळात पुन्हा एकदा पाऊस पडतो. उन्हाळ्यातील या पावसाला तिकडेही मान्सूनच म्हणतात. हा ओढा सान पेद्रो नदीस, सान पेद्रो हीला नदीस आणि हीला कोलोरॅडोस मिळते. १९८४ मध्ये या दरीस संरक्षित अरण्याचा दर्जा मिळाला. आज तेथे दिवसाला केवळ पन्नास माणसांना प्रवेशाचा परवाना दिला जातो.

सात जाती

या ओढ्यात स्थानिक माशांच्या सात जाती नांदतात. वाळवंटातील एकाच ओढ्यात मूळच्या इतक्या जाती एकत्र टिकून राहाव्यात, ही गोष्ट अ‍ॅरिझोनात आता दुर्मिळ झाली आहे. त्यांपैकी दोन विशेष महत्त्वाच्या. स्पाइकडेस हा रुपेरी, चपळ मासा. आपल्या प्रजातीतील तो एकटाच. दुसरा लोच मिनो. तो खळाळत्या पाण्याच्या तळाशी दगडगोट्यांत राहतो. त्याचा वाताशय लहान असल्याने तो फारसा तरंगत नाही. मादी सपाट दगडाच्या खालच्या बाजूस अंडी चिकटविते आणि नर त्यांची राखण करतो. दोघांचीही लांबी सात-आठ सेंटिमीटरांच्या आतबाहेर आणि आयुष्य बहुधा दोन-तीन वर्षांचे. म्हणजे लागोपाठ दोन वर्षे पिल्ले जगली नाहीत, तर तिसऱ्या वर्षी मोजावयास फारसे काही उरत नाही. दर वर्षी गणती का करावी लागते, याचे उत्तर या अल्पायुष्यातच आहे. १९८६ मध्ये या दोन्ही जातींची संकटग्रस्त म्हणून कायद्याने नोंद झाली आणि २०१२ मध्ये त्यांना अधिक गंभीर श्रेणीत टाकावे लागले.

तुलना करावयाची तर आरंभीची नोंद हवी. या दोन माशांची पहिली शास्त्रीय वर्णने चार्ल्स जिरार्ड यांनी १८५६ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिका व मेक्सिको यांच्यातील सीमा आखणाऱ्या सरकारी पथकाने सान पेद्रो नदीतून आणलेल्या नमुन्यांवर ती आधारलेली होती. सीमा आखावयास गेलेल्यांनी मासे जमविले म्हणून आज आपणांस ही माहिती आहे. योगायोग असा की, आपल्याकडेही तसेच घडले. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी विल्यम सायक्स यांनी दख्खनमधील माशांची वर्णने १८३९ मध्ये प्रसिद्ध केली आणि काही माशांना त्यांची मराठी नावेच बहाल केली. खुदरी, कोळस, मुरे ही नावे आजही शास्त्रीय ग्रंथांत लॅटिन वेषात वावरत आहेत.

सान पेद्रोच्या मुख्य प्रवाहातून मात्र हे दोन्ही मासे १९६० नंतरच्या दशकात नाहीसे झाले. ज्या नदीने त्यांची जगास ओळख करून दिली, तिच्यात ते उरले नाहीत. तिला मिळणाऱ्या अरावाइपात उरले.

पाहुणे कोठून आले?

परक्या माशांची वाट बहुधा माणसानेच मोकळी केलेली असते. लाल शायनर हा मिसिसिपीच्या खोऱ्याकडील लहानसा मासा. गळाला आमिष म्हणून लावण्यासाठी तो कोलोरॅडोच्या काठी आणला गेला आणि १९५० नंतरच्या दशकात नदीत पसरला. तेथून खोऱ्याखोऱ्यांतून चढत त्याने स्पाइकडेसची जागा घेतली. हिरवा सनफिश गळ टाकणाऱ्यांच्या हौसेपायी आला. तो लहान मासे सरळ गिळतो. पिवळा बुलहेड हा मिशाळ मासाही त्याच वर्गातला. डास खाणारा गंबूसिया मलेरियाच्या भयाने सर्वत्र सोडण्यात आला आणि हीला खोऱ्यातील टॉपमिनो या स्थानिक माशाची पिल्ले खाऊन त्याने त्यास बहुतेक ठिकाणांहून हुसकून लावले. हाच गंबूसिया १९२८ मध्ये भारतातही आणण्यात आला.

अरावाइपाला तारले ते प्रामुख्याने पुराने. एका तासात दरी भरून टाकणारा पूर आला की स्थानिक मासे काठाच्या मंद पाण्यात, दगडांच्या आडोशास तग धरतात. संथ पाण्यातून आलेले परके मासे वाहून जातात. वेंडेल मिंकली आणि गॅरी मेफी यांनी १९८७ मध्ये हे दाखवून दिले. एका पुरापूर्वीची आणि नंतरची गणती हाती असल्याशिवाय असे अनुमान काढताच येत नाही. तथापि, वाहून गेलेले मासे खालच्या नदीतून पुन्हा वर चढू शकतात. लाल शायनर ओढ्याच्या खालच्या भागात आढळू लागला, तेव्हा पुरावर विसंबून चालणार नाही हे स्पष्ट झाले.

गणतीची रीत

गणती साधारणतः वसंतात आणि शरद ऋतूत, ठरलेल्या टप्प्यांवर होते. दोघे जण दोन काठ्यांना बांधलेले बारीक जाळे प्रवाहात आडवे धरतात आणि तिसरा वरच्या बाजूचे दगड पायाने हलवितो. तळाशी दडलेला लोच मिनो वाहत येऊन जाळ्यात पडतो. काही ठिकाणी पाठीवरील बॅटरीच्या साहाय्याने पाण्यात सौम्य विद्युत्‌प्रवाह सोडतात. मासे क्षणभर निश्चेष्ट होतात, मरत नाहीत. मग जात ओळखावयाची, संख्या लिहावयाची, लांबी मोजावयाची. लांबीवरून यंदाची पिल्ले किती आणि गतवर्षीची किती हे समजते.

यात नोंदीची शिस्त सर्वांत महत्त्वाची. एकदा जाळे ओढून मिळालेले वीस मासे आणि दहा वेळा ओढून मिळालेले वीस मासे यांचा अर्थ एक नव्हे. म्हणून किती लांबीच्या पात्रात किती श्रम केले, हे लिहिलेच पाहिजे. एखादी जात मिळाली नाही तर तिच्यापुढे शून्य लिहावयाचे, रकाना कोरा ठेवावयाचा नाही. कोऱ्या रकान्याचा अर्थ पुढील माणसास कळत नाही. ज्यांनी कधी तालुक्याची तपशीलवार विवरणपत्रे भरली किंवा तपासली आहेत, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. अलीकडे पाण्याच्या नमुन्यातील डीएनए तपासूनही माशाच्या अस्तित्वाचा सुगावा लागतो. या दोन जातींसाठी तशा चाचण्या सिद्ध झाल्या आहेत. मात्र पिल्ले किती आणि मोठे किती, हे त्यातून समजत नाही. त्यासाठी पाण्यात उतरावेच लागते.

बंधारे

कोलोरॅडोचे पाणी सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्याने मध्य व दक्षिण अ‍ॅरिझोनात आणण्याचे काम १९७३ ते १९९३ या काळात पार पडले. पाण्याबरोबर परके मासेही हीला खोऱ्यात येणार, हे उघड होते. केंद्र सरकारच्या मत्स्य व वन्यजीव खात्याने १९९४ मध्ये तसा अभिप्राय देऊन प्रतिबंधक उपाय बंधनकारक केले. त्यानुसार ब्युरो ऑफ रिक्लमेशन या खात्याने २००१ मध्ये अरावाइपाच्या खालच्या भागात दोन ठेंगणे काँक्रीट बंधारे बांधले. ते पाणी अडविण्यासाठी नाहीत. पाणी त्यांवरून मोकळे वाहते. खालून वर येणाऱ्या माशास मात्र ती पायरी चढता येत नाही. खर्च मोठा होता, आणि तो करावा की नाही या वादात जुन्या गणत्यांचेच आकडे आधारास आले.

आपल्याकडे तलावांत कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडली जातात, विहिरींत गप्पी मासे सोडले जातात, आणि १९५२ मध्ये देशात आलेला तिलापिया कोणी न सोडताही नद्यांत दिसतो. मत्स्यबीजाने अनेक गावांना उत्पन्न दिले, हे निर्विवाद आहे. प्रश्न इतकाच की, पहिले बीज सोडण्यापूर्वी त्या पाण्यात खुदरी होता की नव्हता, याची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात शोधू गेल्यास क्वचितच मिळावी.

अरावाइपाचे बंधारे हेही पूर्ण उत्तर नव्हे. बादलीतून मासे आणून वर सोडणाऱ्यास ते अडवू शकत नाहीत, आणि सनफिश व बुलहेड बंधाऱ्यांच्या वर पूर्वीच शिरलेले आहेत. गणतीच्या वेळी असे मासे हाती लागले की ते काढून टाकले जातात. स्थानिक मासे मोजून, लांबी टिपून, जेथून धरले त्याच पाण्यात परत सोडतात.