तार फार ताणू नका

यंत्रमागाची पाळी किंवा हजार विड्या झाल्यावर विहाराची बैठक, जयंतीची वर्गणी, कुणाच्या दाखल्यासाठी कचेरीत हेलपाटे! सोलापुरात आम्हा कार्यकर्त्यांचा आणि आमच्या मायबहिणींचा दिवस असा जातो. मग कधीतरी झोपूनही थकवा जात नाही. ज्या कामासाठी जीव टाकला त्याचाच वीट येतो. आपल्या हातून काही होत नाही असे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली हीच तीन लक्षणे कामाच्या न आवरलेल्या ताणाची म्हणून सांगितली. आम्ही मात्र अशा एका सहकाऱ्याला ‘चळवळ सोडली’ म्हणून हिणवले. तो विहारात यायचाच थांबला. चूक आमची होती.

विनयपिटकातील सोण कोळिविस पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण करी. फळ मिळेना, तेव्हा घरी परतण्याचा विचार त्याच्या मनात आला. तथागतांनी त्याला दोष दिला नाही. वीणेची तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर सूर लागत नाही, हे त्याच्याच तोंडून वदवले. सोणने ताण बेताचा केला, धम्म सोडला नाही.

बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून मांडलेल्या विधेयकामुळे १९४६ साली बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ झाले. विश्रांती हा कामगाराचा हक्कच आहे.

म्हणून कामे वाटून घ्या. आठवड्यातली एक संध्याकाळ घरासाठी ठेवा. त्या दिवशी चूल पुरुषांनी सांभाळावी. थकवा हटत नसेल तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. आणि जो येईनासा झाला, त्याच्या घरी जा. काम सांगायला नव्हे, चहा प्यायला. जयभीम!