महाविद्यालयाची निवड : पालकांच्या अनुभवाचे धडे

बारावीचा निकाल लागला की कृष्णाकाठच्या बागायती गावांपासून माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांपर्यंत घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलाला कोठे घालावयाचे आणि पैसा कोठून आणावयाचा? हा निर्णय बहुधा आठ-पंधरा दिवसांत घेतला जातो. त्याचे ओझे मात्र कुटुंब पुढे दहा-पंधरा वर्षे वाहत असते. सातारा व सांगली जिल्ह्यांतील पालकांशी बोलताना एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. शिक्षणावर पैसा खर्च झाला, याची खंत फारच थोड्यांना आहे. प्रवेशापूर्वी विचारावयाचे प्रश्न विचारले नाहीत, ही खंत मात्र अनेकांच्या मनात आहे.

स्वावलंबनाची परंपरा

या भूमीला शिक्षणाचा खर्च भागविण्याची एक थोर परंपरा लाभली आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये तिचे कार्यालय साताऱ्यास आणले. वसतिगृहातील मुलांच्या मुखी दोन घास पडावेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले आणि ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणातही रुजले. शिक्षणाचा भार एकट्या बापाच्या खांद्यावर न ठेवता त्यातील काही वाटा शिकणाऱ्याने स्वतः उचलावा, हे त्या तत्त्वाचे मर्म होय. पुढे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या कुटुंबांतील मुलांना फीमाफी मिळाली आणि हजारो शेतकऱ्यांची मुले महाविद्यालयाची पायरी चढली.

१९८३ नंतरचे वळण

त्या काळी या दोन जिल्ह्यांत अभियांत्रिकीच्या जागा मोजक्याच होत्या. सांगलीचे १९४७ मध्ये सुरू झालेले महाविद्यालय, जे पुढे वालचंद यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, आणि १९६० मध्ये स्थापन झालेले कऱ्हाडचे शासकीय महाविद्यालय, ही प्रमुख केंद्रे होती. १९८३ मध्ये सांगलीचेच सुपुत्र वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित तंत्रशिक्षण संस्थांना परवानगी देण्यात आली. मुलांना कर्नाटकात जावे लागू नये, ग्रामीण भागात तंत्रशिक्षण पोहोचावे, हा त्यामागील हेतू होता. साखराळे, बुधगाव यांसारख्या गावांत त्यामुळे अभियांत्रिकीचे वर्ग भरू लागले.

संधी वाढली, तसा खर्चाचा भार शासनाकडून पालकाकडे सरकला. देणगीच्या नावाखाली पैसे घेण्यास १९८७ च्या कायद्याने बंदी घातली. २०१५ च्या अधिनियमानुसार विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क आता शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. तथापि, हे मान्य शुल्क किती आहे, याची चौकशी प्रवेशापूर्वी करणारे पालक आजही कमीच आढळतात.

डी. एड. चा धडा

पश्चात्तापाचे सर्वांत बोलके उदाहरण डी. एड. चे आहे. बारावीनंतर दोन वर्षे शिकले की प्राथमिक शिक्षकाची कायम नोकरी, हे समीकरण दोन पिढ्यांनी अनुभवले होते. त्या विश्वासावर २००० नंतरच्या दशकात राज्यभर असंख्य अध्यापक विद्यालये निघाली. कोणी दुभती जनावरे विकली, कोणी जमिनीचा तुकडा विकून मुलांना तेथे धाडले. पुढे २०१२ मध्ये शिक्षक भरतीवर निर्बंध आले, २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली आणि भरती अनेक वर्षे खोळंबली. पदविका हाती असलेले तरुण वाट पाहता पाहता वयाची तिशी ओलांडून गेले. विद्यार्थी मिळेनासे झाल्याने अनेक विद्यालयेही बंद पडली.

यात पालकांचा दोष काय? शेजारच्या मुलाला दहा वर्षांपूर्वी लागलेली नोकरी त्यांनी पाहिली. आपला मुलगा बाहेर पडेल त्या वर्षी किती जागा असतील, हे पाहिले नाही. हीच चूक पुढे अभियांत्रिकीच्या काही शाखांबाबत घडली आणि राज्यातील अनेक महाविद्यालयांत जागा रिक्त राहू लागल्या. गर्दी ज्या वाटेने गेली, ती वाट पुढे मोकळी असेलच असे नाही.

हिशेब कोठे चुकतो?

पालक पहिल्या वर्षाचे शिक्षणशुल्क तेवढे विचारतात. वसतिगृह, खानावळ, परीक्षा शुल्क, पुस्तके, संगणक व प्रवास यांचा खर्च मागाहून कळतो आणि तो कित्येकदा शुल्काच्या बरोबरीने जातो. चार वर्षांचा संपूर्ण खर्च एका कागदावर मांडून पाहिल्याखेरीज निर्णय घेऊ नये, हा अनुभवी पालकांचा पहिला सल्ला आहे.

दुसरी चूक सवलतींबाबत होते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी निम्म्या शिक्षणशुल्काचा लाभ मिळतो. परंतु प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील जागेस, तसेच अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांतील प्रवेशास हा लाभ नाही. एका सहीने ही सवलत गमावल्याचे पालकांना प्रवेशानंतर समजते.

तिसरी चूक कागदपत्रांची. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र, जातवैधता प्रमाणपत्र यांची धावपळ निकालानंतर सुरू होते. वैधता प्रमाणपत्रासाठी अर्ज अकरावी-बारावीतच केला पाहिजे. तसेच, मुलाची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचा अधिकार महाविद्यालयास नाही, हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियमही पालकांस ठाऊक असावा.

कर्ज की जमीन?

पुष्कळ कुटुंबे बँकेच्या कर्जाला भितात आणि जमीन विकतात किंवा सावकाराकडे जातात. वस्तुतः पतहमी योजनेखाली साडेसात लाख रुपयांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. अभ्यासक्रम संपल्यावर साधारणपणे एक वर्षाने परतफेड सुरू होते. विकलेली जमीन मात्र परत येत नाही.

तथापि, कर्जही डोळे उघडे ठेवून घ्यावे. समजा, दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार वर्षे कर्ज घेतले आणि व्याजाचा दर शेकडा दहा धरला. सरळव्याजाने परतफेड सुरू होईपर्यंत चार लाखांचे सुमारे पाच लाख चाळीस हजार होतात. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर दरमहा सात हजार रुपयांहून अधिक हप्ता बसतो. मुलाच्या पहिल्या पगारातून हा हप्ता झेपेल काय, हा प्रश्न कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी विचारावयाचा आहे. आणि तो मुलाला समोर बसवून विचारावयाचा आहे. घराची खरी आर्थिक स्थिती मुलापासून लपविणे ही माया खरी, पण ती अखेरीस दोघांनाही महाग पडते.

मुलीचा वाटा

एक खंत पालक हळू आवाजात सांगतात. मुलाच्या प्रवेशासाठी पैसा उभा करताना मुलीला जवळच्या महाविद्यालयात, तिच्या आवडीचा विचार न करता, घातले जाते. कित्येकदा तिचे शिक्षणच थांबविले जाते. पुढे तीच अधिक हुशार होती, हे उमगते तोवर वेळ गेलेली असते. आता आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना मान्य व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी देण्यात आली आहे. ‘पैसा नाही’ हे कारण त्यामुळे बव्हंशी दूर झाले आहे.

गावाने काय करावे?

या बाबतीत शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व गावपातळीवरील अधिकारी यांना मोलाचे कार्य करता येईल. दहावीच्या वर्गातच पालकांची सभा घेऊन शुल्क, सवलती व दाखले यांची माहिती द्यावी. गावातून पूर्वी शिकून गेलेल्या मुलामुलींना बोलावून त्यांचे अनुभव ऐकवावेत. शासकीय तंत्रनिकेतन, औद्योगिक प्रशिक्षण संस्था किंवा तालुक्याचे अनुदानित महाविद्यालय येथे प्रवेश घेणे म्हणजे कमीपणा नव्हे, हे ठसवावे. दाखल्यांसाठीचे अर्ज मे-जूनची गर्दी होण्यापूर्वीच तहसील कार्यालयात पोहोचतील, असे पाहावे.

आईबापांच्या त्यागाला या मातीत कधीच उणीव पडली नाही. त्या त्यागाला वेळेवर मिळालेल्या माहितीची जोड मिळाली, तर लेकराच्या शिक्षणासाठी बापाला बांधावरचे शेत गमावण्याची वेळ येणार नाही.