शूमान यांचा पियानो कॉन्चेर्टो : दिनू लिपाती यांचे वादन

जर्मन संगीतकार रोबेर्ट शूमान यांच्या ए मायनर पियानो कॉन्चेर्टोचे रुमानियन पियानोवादक दिनू लिपाती (१९१७–१९५०) यांनी केलेले ध्वनिमुद्रण विशेष प्रसिद्ध आहे. ते एप्रिल १९४८ मध्ये लंडन येथे झाले. फिलहार्मोनिया वाद्यवृंदाचे संचालन हेर्बेर्ट फॉन कारायान यांनी केले होते.

कॉन्चेर्टो म्हणजे एकल वादक व वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेली दीर्घ संगीतकृती. १८४५ मध्ये पूर्ण झालेल्या या कृतीत शूमान यांनी हस्तकौशल्याच्या प्रदर्शनापेक्षा वादक व वाद्यवृंद यांच्यातील संवादाला महत्त्व दिले.

रसग्रहण

आरंभी पियानोवर वरून खाली झेपावणारे स्वरसमूह ऐकू येतात. त्यानंतर मुख्य धून प्रथम ओबो हे सुषिर वाद्य मांडते. पियानो तिची पुनरावृत्ती करतो. लिपाती येथे लय न रेंगाळवता, ओबोच्याच संयमाने उत्तर देतात. पुढील संथ भागात क्लॅरिनेट बोलू लागताच पियानो मागे सरतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी पहिली धून क्षणभर परतते आणि तिसरा भाग न थांबता सुरू होतो. हा सांधा श्रोत्याने अवश्य लक्षपूर्वक ऐकावा.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी लिपाती हॉजकिन्स लिम्फोमा या कर्करोगाने आजारी होते. वयाच्या अवघ्या ३३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यामुळे या वादनात करुणा शोधण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात मात्र त्यात स्वच्छ स्वर, रेखीव लय आणि विशेषतः अखेरच्या भागात ओसंडणारा उत्साह आढळतो. या वादनाची थोरवी सहानुभूतीवर अवलंबून नाही.