कबुतराच्या नाकातला माइट आणि हातावरचा चावा

डोंबिवलीत एसीच्या बाहेरच्या युनिटखाली कबुतराने घरटे केले, पिल्ले उडून गेली आणि पाठोपाठ घरातल्यांच्या हातापायांवर खाजरे लाल पुरळ उठले, की सोसायटीतच निदान होते: ‘कबुतराच्या नाकातले किडे चावले.’ पक्ष्यांच्या नाकात माइट राहतात, हे खरेच. पण चावणारे ते नव्हेत. रायनोनिसिडी कुळातले हे माइट साधारण अर्धा-एक मिलिमीटरचे, मऊ आणि संथ. नाकाच्या ओल्या अस्तरावर रक्त पिऊन तिथेच वाढतात, तिथेच वितात. बाहेर पडून माणूस शोधत फिरावे अशी त्यांची घडणच नाही. चावतात ते घरट्यातले डर्मॅनिसस किंवा ऑर्निथोनिसस. पिल्ले गेली की ते उपाशी पडतात आणि खिडकीच्या फटीतून घरात शिरतात.

यावर कोणी म्हणेल, चिकटपट्टीवर पकडलेला किडा भिंगातून आठ पायांचाच दिसतो, मग तो नाकातला नाही कशावरून? पाय मोजून हे ठरत नाही, कारण दोघेही एकाच मोठ्या घराण्यातले. फरक आहे तो बारीकसारीक. घरट्यातल्या माइटच्या श्वासरंध्रापासून पुढे एक लांब पन्हळ जाते. नाकातल्यात ती आखूड असते किंवा नसतेच. त्याच्या पाठीवरच्या ढाली लहान, केसही थोडे. हे पाहायला नमुना लॅक्टोफेनॉलमध्ये पारदर्शक करून काचपट्टीवर बसवावा लागतो आणि नाकातला नमुना मिळवायचा तर मेलेल्या पक्ष्याचे नाक उघडून किंवा पाण्याने धुऊन. मोबाइलच्या फोटोवरून जात सांगणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये. ‘कबुतराचा आहे, म्हणजे टिनामिनिसस मेल्लोईच’ हा तर्कही अपुरा. 1948मध्ये नाव मिळालेली ही जात कबुतराच्या नाकात सापडते खरी, पण पक्ष्यांच्या नाकात इतर कुळांतले माइटही राहतात. यजमान पक्ष्यावरून अंदाज बांधता येतो, शिक्कामोर्तब काचपट्टीवरच होते.

पिंजऱ्यातल्या पक्ष्यांबाबत गफलत वेगळी. घरोघरी ‘लव्हबर्ड’ म्हणून पाळल्या जाणाऱ्या बजीच्या चोचीच्या मुळाशी मधाच्या पोळ्यासारखी भोके पडलेली खपली दिसली, की तीही नाकातल्या माइटच्या खात्यावर जाते. ती असते नेमिडोकॉप्टीस या त्वचेत बिळे करणाऱ्या माइटची करणी. मात्र ‘नाकातले माइट निरुपद्रवीच’ हे विधानही सरसकट करता येत नाही. नाकातल्या माइटच्याच कुळातला स्टर्नोस्टोमा ट्रॅकियाकोलम कॅनरी आणि गुल्डियन फिंचच्या श्वासनळीत, हवेच्या पिशव्यांत उतरतो. पक्ष्याचा आवाज जातो, श्वास घेताना टकटक ऐकू येते, कधी जीवही जातो. अशा लहान पक्ष्याच्या गळ्यावरची पिसे ओली करून अंधाऱ्या खोलीत मागून झगझगीत उजेड धरला, तर श्वासनळीत काळे ठिपके दिसू शकतात. ठिपके दिसले नाहीत म्हणून माइट नाहीत, असे मात्र नव्हे.

राहिला कबुतरांशी जोडला जाणारा माणसाचा खोकला. 2025मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यात दाणे टाकण्यावरून वाद पेटला, तेव्हा डॉक्टर ज्या फुफ्फुसाच्या आजाराबद्दल बोलत होते, तो कबुतरांच्या विष्ठेतल्या आणि पिसांच्या धुळीतल्या प्रथिनांच्या ॲलर्जीतून होतो. त्याचा नाकातल्या माइटशी संबंध नाही. रिकामे घरटे काढताना तोंडावर मास्क बांधून ते आधी ओले करायचे, ते या धुळीसाठी. आणि पिल्ले उडाल्यावर ते लगेच काढायचे, ते चावणाऱ्या माइटसाठी.