ओटीपी आला नाही, मग?

८ मार्च २०२१ रोजी देशभर अनेकांचे ओटीपी अडकले. नोंदणी नसलेल्या मजकुराचे एसएमएस मोबाइल कंपन्यांनी गाळायला घेतले आणि त्यात बँकांचे खरे संदेशही गेले. दुसऱ्याच दिवशी दूरसंचार नियामक ट्रायने या तपासणीला सात दिवसांची स्थगिती दिली.

एकाच वाटेवर विसंबणं असं महागात पडतं. म्हणून अनेक सेवा दुसरी वाट तयार ठेवतात. एसएमएस पोचल्याची पावती ठरलेल्या सेकंदांत आली नाही, की यंत्रणा आपणहून व्हॉट्सअ‍ॅपकडे वळते, नाहीतर फोन करून आकडे ऐकवते.

खरी मेख उशिरा पोचणाऱ्या जुन्या एसएमएसमध्ये आहे. दोन वाटांनी दोन वेगळे आकडे आले, की ग्राहक गोंधळणारच! त्यापेक्षा ओटीपीची मुदत संपेपर्यंत दोन्हीकडे एकच आकडा पाठवलेला बरा.