विद्यापीठ कोणते आणि खोली कोठे?



पीयूसी द्वितीय वर्षाचा निकाल लागला की आमच्या कार्यालयात माजी विद्यार्थ्यांची वर्दळ वाढते. कुणाला दाखल्याची प्रत हवी असते, कुणाला सही-शिक्का. आणि जाता जाता एक प्रश्न हमखास येतो : "सर, कोल्हापूर बरं की धारवाड?" एखादा गोव्याचेही नाव घेतो. राहायचे कुठे, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. आमच्या पाहण्यात दिवाळीच्या सुट्टीत घरी येऊन पुन्हा न गेलेली जी मुले आहेत, त्यांतील बहुतेकांना अभ्यास जड गेला नव्हता. जेवण मानवले नाही, खोली धड मिळाली नाही, पैसे पुरले नाहीत किंवा एकटे वाटले. म्हणून या अंकात दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार करू.

आपल्या आवाक्यातील विद्यापीठे

बेळगावच्या मुलाला जवळची अशी काही सरकारी विद्यापीठे आहेत. धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ १९४९ साली मुंबईत स्थापन झाले आणि १९५० मध्ये धारवाडला आले. त्याआधी आपल्या भागातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी सुरू झाले, तर गोवा विद्यापीठ १९८५ साली. आपल्या गावातील राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चे.

येथे एक गोष्ट समजून घ्या. आपल्याकडील बहुतेक विद्यापीठे संलग्न महाविद्यालयांची आहेत. बारावीनंतर बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. करणारा विद्यार्थी प्रत्यक्षात महाविद्यालयात शिकतो. विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवते आणि पदवी देते. विद्यापीठाच्या आवारातले विभाग मुख्यतः एम.ए., एम.एस्सी. आणि संशोधन करणाऱ्यांसाठी असतात व तिथली वसतिगृहेही बहुधा त्यांच्यासाठीच असतात. त्यामुळे विद्यापीठाची देखणी इमारत पाहून 'आपण इथेच राहणार' असे समजू नका. पाहायचे ते महाविद्यालय : आपला विषय शेवटच्या वर्षापर्यंत आहे का, प्रयोगशाळा चालू आहे का, प्राध्यापकांच्या जागा भरलेल्या आहेत का.

दुसरा फरक पदवीच्या वर्षांचा. कर्नाटकाने २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी स्वीकारली. महाराष्ट्र आणि गोव्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी आहे, आणि तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेरही पडता येते. चौथ्या वर्षाचा खर्च घराला झेपेल का, आणि पुढे एम.ए., एम.एस्सी. करायचे आहे का, हे आधीच बोलून घ्यावे.

सीमाभागातील मुलांनी कागद जपावेत

राज्य बदलले की कागद बदलतात. महाराष्ट्रातील विद्यापीठात प्रवेश घेताना कर्नाटक बोर्डाच्या विद्यार्थ्याला पात्रता प्रमाणपत्र आणि स्थलांतर प्रमाणपत्र लागते. अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या महाराष्ट्रातील केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी 'ई' हा वेगळा प्रकार आहे. त्यासाठी सीमाभागातील रहिवासाचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा पुरावा द्यावा लागतो. म्हणून पालकांनी शाळेच्या नोंदीत पाल्याची मातृभाषा बरोबर लिहिली आहे ना, हे आताच पाहून घ्यावे. ऐन प्रवेशाच्या गर्दीत दुरुस्तीला वेळ मिळत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कर्नाटकात काढलेल्या जातीच्या दाखल्यावर महाराष्ट्रात राखीव जागा किंवा त्या राज्याची शिष्यवृत्ती सहसा मिळत नाही. धारवाडला मात्र तोच दाखला चालतो आणि कर्नाटक शासनाच्या मॅट्रिकोत्तर वसतिगृहांसाठीही अर्ज करता येतो. मुलींना जून २०२३ पासून राज्यांतर्गत साध्या सरकारी बसने मोफत प्रवास आहे. धारवाडहून महिन्याला घरी येणाऱ्या मुलीच्या घरखर्चात ही बचत लहान नाही. कोल्हापुरात मराठीतून शिकायला मिळते याचे मोल मोठे आहेच. पण शाळेत कानडी शिकलेल्या आपल्या मुलांना धारवाडही परके नाही. दोन्ही बाजूंचा हिशेब एका कागदावर मांडा आणि मग ठरवा.

राहण्याची सोय

वसतिगृहाच्या बाबतीत कोल्हापूरची परंपरा मोठी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ साली तेथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम अशा अनेक समाजांची बोर्डिंग झाली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. खेड्यातला मुलगा शहरात शिकायचा तर आधी त्याच्या राहण्या-जेवणाची सोय हवी, हे महाराजांनी ओळखले होते. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह काढले ते याच विचाराने, आणि श्रम करून शिकण्याची वाट दाखवली. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून हे काम करीत आहे.

आज पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापुढे साधारण तीन वाटा असतात : महाविद्यालयाचे वसतिगृह, संस्थेचे किंवा समाजाचे बोर्डिंग, आणि भाड्याची खोली. आमचा सल्ला असा की पहिले वर्ष तरी शक्यतो वसतिगृहात काढावे. तिथे रेक्टर असतात, जेवणाची वेळ ठरलेली असते, आजारी पडल्यास शेजारच्या कॉटवरचा मुलगा डॉक्टरकडे नेतो. खोली कितीही स्वस्त असली तरी मेसचा डबा, वीजबिल, अनामत आणि रिक्षाभाडे धरले की हिशेब बदलतो. गाव माहीत झाले, मित्र जोडले गेले, की दुसऱ्या वर्षी खोली घ्यायला हरकत नाही.

प्रवेशाच्या दिवशी पालक आणि मुलाने मिळून वसतिगृह स्वतः पाहावे. पाणी दिवसातून किती वेळ येते, एका खोलीत किती मुले, अभ्यासाला वेगळी जागा आहे का, महाविद्यालय पायी किती मिनिटांवर, रात्री परतण्याची वेळ कोणती, सुट्टीत मेस चालू असते का, हे विचारावे. जमल्यास एक वेळ तिथेच जेवून पाहावे. कार्यालयातील माणसापेक्षा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी खरी माहिती देतो.

रॅगिंगविषयी गप्प राहू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार नव्या विद्यार्थ्यांना शक्यतो वेगळ्या वसतिगृहात ठेवणे अपेक्षित आहे. विद्यार्थी व पालक दोघांनाही प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. १८००-१८०-५५२२ या मोफत क्रमांकावर केव्हाही तक्रार करता येते. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

प्रवेश रद्द करावा लागला तर फी परत मिळते का, हेही आधी विचारा. २०२४-२५ साठी आयोगाने ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यांना पूर्ण फी परत करण्याचे धोरण जाहीर केले होते. आपल्या वर्षाची तारीख पाहून घ्यावी. मूळ दाखले कोणाच्याही ताब्यात ठेवून येऊ नयेत. ते तपासून झाले की परत मागून घ्यावेत.

पालकांना एक विनंती. मुलगा वा मुलगी पहिल्या महिन्यात "मला करमत नाही" असे फोनवर म्हणाली तर लगेच "परत ये" म्हणू नका आणि रागावूही नका. काय खुपते ते विचारा. जेवण असेल तर मेस बदलता येते, खोली असेल तर रेक्टरांशी बोलता येते. एखाद्या रविवारी स्वतः जाऊन यावे. धारवाड आणि कोल्हापूर दोन्ही एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत.

या वर्षापासून आम्ही कार्यालयात एक वही ठेवत आहोत. बाहेरगावी शिकणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आपले वसतिगृह, मेस, खर्च आणि अडचणी तिच्यात लिहाव्यात, म्हणजे पुढच्या मुलांना ऐकीव गोष्टींवर विसंबावे लागणार नाही. विश्वस्तांनीही आपल्या ओळखीतील बोर्डिंग व संस्थांची माहिती तिच्यात भरावी, अशी विनंती आहे. गेलेले प्रत्येक मूल पदवी घेऊनच परत यावे, हीच आमची इच्छा.